अर्धी ढाल आईची

१६०९ साली लिस्बनमध्ये पेद्रो क्रासबेक या मुद्रकाने पेरूच्या इंका राजांचा इतिहास सांगणारा एक जाडजूड स्पॅनिश ग्रंथ छापला. त्याचं नाव ‘कोमेंतारिओस रेआलेस’. लेखक गार्सिलासो दे ला वेगा. आपल्या नावाला त्याने ‘इंका’ हा शब्द मुद्दाम जोडला होता, आणि ग्रंथात स्वतःचं कुलचिन्ह छापून घेतलं होतं. ढालीच्या मधोमध वरपासून खालपर्यंत एक उभी रेघ. एका बाजूला स्पेनमधल्या सरदार घराण्यांच्या खुणा, दुसऱ्या बाजूला कुस्कोच्या राजघराण्याचे सूर्य, चंद्र, इंद्रधनुष्य आणि नाग.

वडील युरोपीय, आई अमेरिकेच्या मूळ रहिवाशांपैकी, अशी माणसं त्या काळात हजारोंनी जन्मत होती. त्यांना ‘मेस्तिसो’ म्हणत, आणि ते कौतुकाने म्हणत नसत. त्यांच्यातल्या एकाने आपला दुहेरी वंश एका ढालीवर कसा मांडला, त्यातल्या प्रत्येक खुणेचा अर्थ काय, आणि आज कुणाला असं चिन्ह घडवायचं असेल तर ते कसं होतं, याची ही माहिती. माझं मत सुरुवातीलाच सांगते: ज्या आईला कायद्याने आणि समाजाने पत्नीची जागा दिली नाही, तिला मुलाने ढालीचा पुरा अर्धा भाग दिला, आणि त्यामुळेच हे चिन्ह इतर शेकडो सरदारी चिन्हांहून मोलाचं आहे.

कुलचिन्ह वाचायचं कसं

युरोपात बाराव्या शतकात लढवय्ये आपापल्या ढालींवर ठरावीक खुणा रंगवू लागले. चिलखतात चेहरा झाकलेला असे, तेव्हा माणूस ओळखायचा तो ढालीवरून. पुढे या खुणा बापाकडून मुलाकडे जाऊ लागल्या आणि त्यांचं एक शास्त्रच तयार झालं. ढाल हा त्यातला मुख्य भाग. तिच्यावर शिरस्त्राण आणि तुरा, दोन्ही बाजूंना ढाल धरून उभे असलेले प्राणी किंवा माणसं, आणि ब्रीदवाक्य, ही जोड नंतरची. नुसती ढाल असली तरी चिन्ह पूर्ण होतं.

रंग मोजकेच. सोनेरी आणि रुपेरी हे दोन ‘धातू’. तांबडा, निळा, काळा, हिरवा आणि जांभळा हे ‘रंग’. धातूवर धातू येऊ नये आणि रंगावर रंग येऊ नये, हा नियम. कारण साधं आहे. पिवळ्यावर पांढरं किंवा काळ्यावर निळं लांबून दिसत नाही.

दुसरी महत्त्वाची गोष्ट अशी की खरं चिन्ह चित्रात नसून वर्णनात असतं. ‘सोनेरी क्षेत्रावर पाच हिरवी अंजिराची पानं’ एवढं लिहून ठेवलं की झालं. दहा चित्रकार ती पानं दहा तऱ्हांनी काढतील आणि दहाही चित्रं बरोबर असतील.

तिसरी गोष्ट डाव्या-उजव्याची. ढालीची उजवी बाजू म्हणजे ढाल धरणाऱ्याची उजवी, पाहणाऱ्याची डावी. हीच मानाची बाजू. एका ढालीवर दोन घराणी आणायची असतील तर ती उभी दुभागतात आणि मानाच्या बाजूला पुरुषाचं घराणं ठेवतात. बहुतेक वेळा अशी ढाल नवरा-बायकोची असते. लग्नाने जोडलेली दोन कुळं शेजारी-शेजारी येतात. हे ध्यानात ठेवून गार्सिलासोच्या ढालीकडे यावं.

कुस्कोतलं घर

गार्सिलासोचा जन्म कुस्कोचा, १२ एप्रिल १५३९ चा. फ्रान्सिस्को पिसारोच्या स्पॅनिश सैन्याने इंकांची ती राजधानी घेतल्याला तेव्हा सहाच वर्षं झाली होती. वडील कॅप्टन सेबास्तियान गार्सिलासो दे ला वेगा, स्पेनच्या एस्त्रेमादुरा प्रांतातले, चांगल्या घराण्यातले. आई चिंपू ओक्यो, इंका सम्राट वाइना कापाकची पुतणी, तुपाक इंका युपांकीची नात. बाप्तिस्म्यानंतर तिचं नाव इसाबेल झालं.

वडिलांनी तिच्याशी लग्न केलं नाही. मुलगा दहा वर्षांचा होण्याच्या सुमारास त्यांनी लुइसा मार्तेल या स्पॅनिश बाईशी लग्न केलं. चिंपू ओक्योचं लग्न पुढे हुआन देल पेद्रोचे नावाच्या एका सामान्य स्पॅनिश माणसाशी झालं. मुलगा वडिलांच्या घरी वाढला, पण आईकडचं जाणं-येणं सुटलं नाही. तिच्याकडे राजघराण्यातले उरलेसुरले नातेवाईक जमत, जुन्या राजांच्या गोष्टी निघत, गेलेल्या राज्यासाठी डोळ्यांत पाणी येई. या बैठकांत कान देऊन बसलेला मुलगा चाळीस-पन्नास वर्षांनी ते सगळं कागदावर उतरवणार होता.

१५५९ मध्ये वडील वारले. मुलाने स्पेनला जाऊन शिकावं म्हणून त्यांनी मृत्युपत्रात चार हजार पेसो ठेवले होते. १५६० च्या जानेवारीत तो निघाला. निघण्यापूर्वी तिथला स्पॅनिश अधिकारी पोलो दे ओंदेगार्दो याने त्याला सापडलेली इंका राजांची जतन केलेली शवं दाखवली. त्यांतल्या वाइना कापाकच्या बोटाला आपण हात लावल्याचं गार्सिलासोने लिहून ठेवलं आहे. ज्या राजाच्या राज्यखुणा पुढे त्याच्या ढालीवर आल्या, त्याला त्याने असं प्रत्यक्ष स्पर्श करून पाहिलं होतं. पेरूला तो पुन्हा कधीच परतला नाही.

माद्रिदचा नकार

१५६१ मध्ये त्याने माद्रिदला ‘इंडीज’ची राज्यसभा गाठली. मागण्या दोन: वडिलांनी राजाची जी चाकरी केली तिचा मोबदला मिळावा, आणि आईची मालमत्ता परत मिळावी. लोपे गार्सिया दे कास्त्रो या सदस्याने त्याला तोंडावर सांगितलं की तुझ्या बापाने वारिनाच्या लढाईत कुस्को जिंकणाऱ्या पिसारोचा बंडखोर भाऊ गोन्सालो याला आपला घोडा देऊन वाचवलं. इतिहासकारांनी लिहून ठेवलं आहे, आता काय बोलणार? त्या घोड्याचं नाव सालिनियास. लढाई १५४७ ची. घोडा दिला तो लढाई जिंकून झाल्यावर, त्याने गोन्सालोचा जीव वाचला हे खोटं, असं गार्सिलासो पुढे आयुष्यभर सांगत राहिला.

म्हणजे वडिलांचं नाव डागाळलेलं, आईचा हक्क नाकारलेला. इतर कुणी असता तर आईकडची बाजू गुपचूप पुसून टाकली असती. मेस्तिसोंना सरकारी पदांपासून दूर ठेवणारे हुकूम निघतच होते. गार्सिलासो कॉर्दोबाजवळच्या मोंतिया गावी काका आलोन्सो दे वार्गास यांच्याकडे राहिला. जन्मनाव गोमेस सुआरेस दे फिगेरोआ होतं, ते १५६३ मध्ये बदलून त्याने वडिलांचं नाव घेतलं. १५७० मध्ये आल्पुहारासच्या डोंगरात मोरिस्कोंचं, म्हणजे ख्रिस्ती केल्या गेलेल्या मुसलमानांचं, बंड मोडणाऱ्या सैन्यात तो कॅप्टन होता. नंतर तलवार ठेवून लेखणी धरली. १५९० साली लेओन एब्रेओच्या प्रेमविषयक संवादांचा त्याने केलेला स्पॅनिश अनुवाद माद्रिदला छापून आला. त्यावर अनुवादक म्हणून त्याने इंका ही ओळख उघडपणे लावली. १६०५ मध्ये फ्लोरिडाच्या मोहिमेवरचं पुस्तक, १६०९ मध्ये ‘कोमेंतारिओस’. कुलचिन्ह येतं ते या टप्प्यावर, सत्तरीला टेकलेल्या माणसाच्या हातून.

वडिलांची बाजू

पाहणाऱ्याच्या डावीकडचा, म्हणजे मानाचा अर्धा भाग वडिलांचा. त्याची पुन्हा चार घरं केली आहेत, प्रत्येक घरात एका घराण्याची खूण. त्यांतल्या तीन अशा. वार्गास घराण्याच्या लाटा: रुपेरी क्षेत्रावर निळे नागमोडी पट्टे. फिगेरोआंची अंजिराची पाच पानं. घराण्याच्या नावातच अंजीर असल्यामुळे ही खूण नाव न लिहिताही वाचता येते, आणि युरोपातल्या चिन्हांत अशी बोलकी चिन्हं खूप आहेत. दे ला वेगा घराण्याची ‘आवे मारिया’ ही अक्षरं. त्यांच्यामागे एक दंतकथा आहे. एका मूर योद्ध्याने ही पवित्र अक्षरं घोड्याच्या शेपटीला बांधून ख्रिस्ती सैन्याला आव्हान दिलं आणि या घराण्यातल्या तरुणाने त्याला मारून ती परत आणली. दंतकथा खरी असो वा नसो, ती मिरवणं ही त्या काळच्या स्पेनमध्ये प्रतिष्ठेची बाब होती.

या भागात नवीन काही नाही. कुठल्याही स्पॅनिश सरदाराने आपली पणजोळ-आजोळं अशीच मांडली असती. पण एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. अनौरस मुलांनी ढालीवर वेगळी खूण घालावी, अशी प्रथा युरोपातल्या अनेक देशांत होती. इथे तसली कमीपणाची खूण नाही. वडिलांची घराणी त्याने पूर्णांशाने घेतली आहेत.

आईची बाजू

उजवीकडचा अर्धा भाग चारांत वाटलेला नाही. तिथे एकच सलग दृश्य आहे.

वर सूर्य आणि चंद्र, दोघांनाही माणसाचे चेहरे. इंका स्वतःला सूर्याचे वंशज मानत. कुस्कोच्या कोरिकांचा मंदिरात सूर्यासाठी मुख्य दालन आणि चंद्र, तारे, वीज-गडगडाट व इंद्रधनुष्य यांच्यासाठी वेगवेगळी दालनं होती, असं वर्णन गार्सिलासोने याच ग्रंथात केलं आहे. म्हणजे ढालीवरचं आकाश त्या मंदिरातलंच. त्या मंदिराच्या भिंतींवर स्पॅनिशांनी सांतो दोमिंगोचा मठ उभारला. इंकांच्या रेखीव दगडी भिंती आजही त्याच्या खाली दिसतात.

सूर्य-चंद्राच्या खाली इंद्रधनुष्य. सूर्यापासूनच ते होतं, म्हणून सूर्यवंशी राजांनी ते आपलं मानलं, असा त्याचा खुलासा. इंद्रधनुष्याची दोन टोकं दोन नागांच्या तोंडांत आहेत. नागांच्या डोक्यांवर मुकुट. केचुआ भाषेत या नागाला ‘अमारु’ म्हणतात. कुस्कोमध्ये वाइना कापाकच्या वाड्याचं नाव अमारुकांचा होतं, आणि ढालीवरचे नाग म्हणजे आईच्या त्या सख्ख्या चुलत्याच्या वाड्याचेही नाग.

आणि इंद्रधनुष्याला लटकलेली ‘मास्कापाइचा’. ही लाल लोकरीची झालर. सत्तेवर असलेला इंका ती कपाळावर बांधत असे. युरोपातल्या राजाला मुकुट तशी इंकाला ही झालर. ती दुसऱ्या कुणी बांधायची नाही. माझ्या दृष्टीने सगळ्या ढालीतली सर्वांत धीट खूण हीच. नाग आणि इंद्रधनुष्य नुसती शोभा म्हणूनही खपली असती, झालर मात्र सरळ राज्याधिकाराची. ज्याला आईची जमीन परत मिळाली नाही, त्याने आईच्या कुळाची सत्ता छापील पानावर ठेवली, आणि तीही स्पेनच्या राजाच्या राज्यात.

आता दुभागलेल्या ढालीचा नियम आठवावा. अशी ढाल लग्नाने जोडलेल्या कुळांची. चिंपू ओक्यो आणि कॅप्टन गार्सिलासो यांचं लग्न झालंच नव्हतं. मुलाने दोघांना ढालीवर शेजारी बसवलं, मापही अगदी सारखं दिलं. वडिलांना मानाची बाजू मिळाली, ती रीतच होती. पण वडिलांच्या चार घरांच्या गर्दीपुढे आईचं मोकळं आकाश जास्त ठसतं, हे चित्र पाहणाऱ्या कुणालाही जाणवेल.

ढालीभोवती ब्रीद आहे. त्याचा भाव असा: तलवारीनेही आणि लेखणीनेही. त्याच्याच घराण्यातला, त्याच्याच नावाचा थोर स्पॅनिश कवी गार्सिलासो दे ला वेगा सैनिकही होता, आणि हे ब्रीद त्याच्या कवितेतून आलं आहे.

छापील चित्र काळं-पांढरं आहे. कोणता रंग कोणत्या दिशेच्या रेघांनी दाखवायचा, ही छपाईतली पद्धत सिल्व्हेस्टर पेत्रा सांक्ता या जेझुइटाने १६३८ च्या आपल्या ग्रंथातून रूढ केली. गार्सिलासोच्या पानावर रंगांचा असा कुठलाच संकेत नाही. म्हणून आज जी रंगीत चित्रं दिसतात, त्यांत स्पॅनिश भागाचे रंग घराण्यांच्या जुन्या वर्णनांवरून आणि आईच्या भागाचे रंग चित्रकाराच्या समजुतीने आलेले असतात.

राजाने दिलेली चिन्हं

हे नाग आणि हे इंद्रधनुष्य गार्सिलासोने शून्यातून आणलं नव्हतं. १५४५ मध्ये सम्राट पाचव्या चार्ल्सने गोन्सालो उचु वाल्पा आणि फेलिपे तुपा इंका युपांकी या दोघा इंका वंशजांना कुलचिन्हं बहाल केली. त्यांच्यात इंद्रधनुष्य, मुकुटधारी नाग आणि लाल झालर आहे. कुस्कोतल्या राजवंशीयांमध्ये या खुणा त्यानंतर रुळल्या.

मेक्सिकोत याच्या उलटही घडलं. मेक्सिको जिंकणाऱ्या कोर्तेसला साथ देणाऱ्या त्लाश्काला नगराला १५३५ मध्ये चिन्ह मिळालं, ते तांबड्या क्षेत्रावर सोनेरी किल्ला आणि गरुडाचं निशाण असं. सगळंच्या सगळं युरोपीय. तिथल्या लोकांचं स्वतःचं त्यात काही दिसत नाही. मिळालेलं चिन्ह देणाऱ्याच्या नजरेतून येतं आणि स्वतः घडवलेलं चिन्ह स्वतःच्या आठवणीतून, हा फरक त्लाश्कालाची आणि गार्सिलासोची ढाल शेजारी ठेवली की दिसतो.

दोन वंशांचं मीलन प्रत्येक वेळी इतकं निर्मळही नव्हतं. कुस्कोच्या ला कोंपान्यिया चर्चमध्ये सतराव्या शतकाच्या उत्तरार्धातलं एक मोठं चित्र आहे: मार्तिन गार्सिया दे लोयोला आणि इंका राजकन्या बेआत्रिस यांचा विवाह. मार्तिन हा संत इग्नेशियस लोयोलांचा नातलग; या इग्नेशियसचे सोबती फ्रान्सिस झेवियर म्हणजे ज्यांचं शव जुन्या गोव्यात आहे तेच. चित्र देखणं आहे, वधू-वर भरजरी पोशाखात आहेत. पण याच मार्तिनने १५७२ मध्ये शेवटचा इंका तुपाक अमारु याला विल्काबांबाच्या जंगलात पकडून आणलं, त्याचा कुस्कोच्या चौकात शिरच्छेद झाला, आणि बेआत्रिस ही त्याचीच पुतणी. हे चर्च उभं आहे ते अमारुकांचाच्या, त्या नागांच्या वाड्याच्या जागेवर. मिश्र वारशाचं कुठलंही चिन्ह पाहताना हा इतिहास डोळ्यांआड करू नये. गार्सिलासोने तो केला नाही. ग्रंथाच्या दुसऱ्या भागाचा शेवट त्याने याच शिरच्छेदाच्या हकिगतीने केला आहे. तो भाग त्याच्या मृत्यूनंतर, १६१७ मध्ये कॉर्दोबात प्रसिद्ध झाला.

ग्रंथावर बंदी

१७८० मध्ये होसे गाब्रिएल कोंदोर्कांकी याने स्वतःला दुसरा तुपाक अमारु म्हणवून स्पॅनिश सत्तेविरुद्ध उठाव केला. ‘कोमेंतारिओस’ त्याच्या वाचनातला. मे १७८१ मध्ये त्याला कुस्कोत अत्यंत क्रूरपणे मारण्यात आलं. त्यासोबतच्या शिक्षेच्या हुकुमात इंका पोशाख, इंका राजांची चित्रं आणि राजखुणा यांवर बंदी घातली गेली. गार्सिलासोचा ग्रंथही पेरूत बंद करून प्रती गोळा करण्याचे आदेश निघाले. एका मेस्तिसो म्हाताऱ्याने पावणेदोनशे वर्षांपूर्वी कागदावर ठेवलेल्या गोष्टींची सत्तेला इतकी धास्ती वाटली.

आपल्याकडचा धागा

‘कोमेंतारिओस’ छापला गेला तेव्हा पोर्तुगाल आणि स्पेन एकाच राजाखाली होते. १५८० ते १६४० ही ती साठ वर्षं. म्हणजे लिस्बन, कुस्को आणि गोवा यांचा राजा तेव्हा एकच होता. ढालींची ही भाषा गोव्यातही आली. जुन्या चर्चमधल्या थडग्यांच्या दगडांवर ती आजही पाहायला मिळते.

गोमंतकीय वाचकांसाठी इथे एक सावधगिरीची सूचना करावीशी वाटते. फिगेरेदो या पोर्तुगीज घराण्याच्या ढालीवरही अंजिराची पानं आहेत. सौझा, परेरा, मिनेझिस, सगळ्यांच्या ढाली जुन्या पुस्तकांत सापडतात. पण कुलचिन्ह आडनावाला मिळत नाही, ते माणसाला आणि त्याच्या वंशाला मिळतं. गोव्यात बाप्तिस्म्याच्या वेळी पाद्रीचं किंवा धर्मपित्याचं आडनाव घेण्याची रीत होती. त्या आडनावासोबत लिस्बनच्या सरदाराची ढाल येत नाही. ‘तुमच्या आडनावाचं कुलचिन्ह’ म्हणून चौकटीत घालून विकली जाणारी चित्रं घेताना हे जरूर लक्षात ठेवावं. एखाद्या घराण्याला राजाकडून खरोखर चिन्ह मिळालेलं असेल तर त्याची सनद असते.

भारतीय संस्थानिकांच्या ढाली हे दुसरं उदाहरण. १ जानेवारी १८७७ च्या दिल्ली दरबारात लॉर्ड लिटनने राजेरजवाड्यांना रेशमी निशाणं दिली. त्यांवरची चिन्हं बंगाल सनदी सेवेतल्या रॉबर्ट टेलरने युरोपीय नियमांत बसवून आखली होती. बडोद्याचे बालराजे सयाजीराव त्या दरबाराला होते. ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या चिन्हातला नाग मराठी वाचकाला चांगलाच परिचित आहे. खुणा इथल्या, चौकट तिकडची, आणि देणारा साम्राज्याचा प्रतिनिधी: म्हणजे रीत पाचव्या चार्ल्सचीच, तीनशे वर्षांनंतर.

आजचं काम: कॅनडा

ही विद्या आज सर्वांत जिवंत कुठे असेल तर माझ्या मते कॅनडात. १९८८ पर्यंत कॅनडाच्या नागरिकाला कुलचिन्हासाठी लंडनला किंवा एडिनबराला अर्ज करावा लागे. ४ जून १९८८ रोजी तिथे स्वतंत्र कार्यालय सुरू झालं, ते गव्हर्नर जनरलच्या अखत्यारीत येतं. तिथल्या अधिकाऱ्यांची पदनामं देशातल्या नद्यांवरून ठेवली आहेत: सेंट लॉरेन्स, फ्रेझर, अथाबास्का. कार्यालयाच्या स्वतःच्या चिन्हात ढाल धरून उभे आहेत ते सिंह नव्हेत. अर्धा डोमकावळा आणि अर्धं अस्वल असे दोन प्राणी आहेत, तिथल्या मूळ रहिवाशांच्या कलेची आठवण देणारे.

इथे युरोपीय चौकटच बदलू लागली आहे. इनुइट लोकांचा नुनावुत हा प्रदेश १ एप्रिल १९९९ रोजी अस्तित्वात आला. त्याच्या चिन्हातली ढाल गोल आहे. तिच्यावर दगड रचून केलेला वाटखुणेचा ‘इनुक्शुक’ आणि चरबीवर जळणारा दगडी दिवा आहे. बाजूंना कॅरिबू हरिण आणि नारव्हाल देवमासा, वर इग्लू. सरदारांची लढाईची ढाल तिथल्या जगण्यात नव्हतीच, मग आकार तरी तोच कशाला?

२६ जुलै २०२१ रोजी मेरी सायमन गव्हर्नर जनरल झाल्या, मूळ रहिवाशांपैकी या पदावर आलेल्या त्या पहिल्या. आई इनुइट, वडील हडसन्स बे कंपनीच्या व्यापारी ठाण्यावर काम करणारे गोरे. म्हणजे गार्सिलासोसारखीच दोन घरं. त्यांच्या कुलचिन्हावरचं ब्रीद आहे ‘अजुइन्नाता’, इनुक्तितुत भाषेतलं. हार न मानणं, असा त्याचा आशय.

स्वतःचं चिन्ह घडवायचं असेल तर

कॅनडातल्या मराठी कुटुंबांतही आता दोन वारसे घेऊन मुलं वाढत आहेत. नागरिक असेल तर कुणालाही अर्ज करता येतो. मुख्य अधिकाऱ्याच्या नावे विनंतीपत्र आणि स्वतःची माहिती पाठवायची. अर्ज मंजूर झाला की एक अधिकारी नेमला जातो, तो तुमच्याशी बोलून आधी शब्दांत वर्णन तयार करतो. ते पटलं की प्राथमिक रेखाटन, मग रंगवलेली सनद. नोंद सार्वजनिक नोंदवहीत आणि राजपत्रात होते. पुढे ते चिन्ह वंशजांकडे जातं, मुलगी असो वा मुलगा.

खुणा निवडताना घाई करू नये. गार्सिलासोच्या ढालीत वंशाची प्रत्येक मोठी गोष्ट कोंबलेली नाही. आईच्या बाजूला मोजून पाच खुणा आहेत आणि त्या एकमेकींना धरून आहेत: सूर्यापासून इंद्रधनुष्य, इंद्रधनुष्य नागांच्या तोंडी, त्यालाच झालर. चार खंडांतली आठ चित्रं एका ढालीत भरली की लांबून नुसता गोंधळ दिसतो.

दुसरं, खूण खरोखर आपली आहे का, हे विचारावं. कॅनडाच्या पॅसिफिक किनाऱ्यावरच्या लोकांमध्ये डोमकावळा, लांडगा, देवमासा ही चिन्हं ठरावीक कुळांच्या मालकीची असतात. पणजी त्या समाजातली होती एवढ्यावर ती उचलता येत नाहीत. कुळातल्या वडीलधाऱ्यांची संमती लागते. धार्मिक विधींतल्या खुणांचंही तसंच. गार्सिलासोने झालर घेतली ती तुपाक इंका युपांकीचा पणतू म्हणून, आणि ते नातं त्याला पिढीनिशी सांगता येत होतं.

तिसरं, दोन्ही बाजूंना सारखी जागा द्यावी. मूळ रहिवाशांकडचा वारसा एखाद्या पिसाच्या रूपाने तुऱ्यात खोचायचा आणि सगळी ढाल युरोपीय घराण्याला द्यायची, असं पुष्कळदा होतं. ते मला अपुरं वाटतं. ढाल दुभागणं हा एकच मार्ग नाही. गोल आकार घेता येतो, रंग एका बाजूचे आणि आकृती दुसऱ्या बाजूच्या घेता येतात.

गार्सिलासो १६१६ च्या एप्रिलमध्ये कॉर्दोबात वारला. तिथल्या मशीद-कॅथीड्रलमधलं एक छोटं प्रार्थनागृह त्याने १६१२ मध्ये विकत घेऊन ठेवलं होतं, त्यात त्याला पुरलं. १९७८ मध्ये स्पेनचे राजे हुआन कार्लोस यांनी त्याच्या अस्थींचा काही अंश कुस्कोला नेऊन दिला. तो तिथल्या एल त्रिउन्फो चर्चमध्ये आहे. कॉर्दोबाला जाणारे मराठी पर्यटक आता पुष्कळ आहेत. कमानींचं ते प्रसिद्ध दालन पाहून झालं की त्याचं ते ‘आत्म्यांचं प्रार्थनागृह’ कुठे ते विचारा आणि तिथेही पाच मिनिटं द्या.